बेदाण्याच्या शेडमध्ये

शेजारणीनं वाटीभर साखर उसनी मागितली, तर आपण काय करतो हो? डब्यातली चांगली साखर काढतो, वाटी शिगोशीग भरतो आणि सांडू नये म्हणून खाली ताटलीही देतो. डब्याच्या तळाशी उरलेली, पाणी लागून गोळा झालेली साखर कुणी शेजारणीच्या वाटीत घालत नाही. घातलीच तर संध्याकाळपर्यंत आळीभर होईल ही भीती असतेच, पण मुळात आपल्या मनालाच ते पटत नाही.

मग पुराच्या वेळी आपल्याला काय होतं, कोण जाणे! मदतफेरीची मुलं दारात आली की आपण लगबगीनं माळ्यावर चढतो. चार वर्षं न नेसलेल्या साड्या, ह्यांची कॉलर विरलेले शर्ट, मुलांचे आखूड झालेले स्वेटर, सगळ्याचं एक गाठोडं बांधतो आणि हात झटकून म्हणतो, "चला, तेवढीच मदत झाली, आणि माळाही मोकळा झाला."

मैत्रिणींनो, हा उपदेश नव्हे हं. मी स्वतः माळ्यावर चढले होते, म्हणून सांगते.

गोष्ट आहे २०१९ च्या ऑगस्टमधली. कोयनेच्या खोऱ्यात आणि महाबळेश्वरच्या डोंगरात पावसानं कहर केला, धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूर पाण्यात घातलं. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांवर पाणी गेलं की धोका समजतात. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि तीत बायामुलंही गेली. आम्ही फलटणला घरी बसून टीव्हीवर हे बघत होतो. हातात पोळपाट-लाटणं, आणि समोर छपरावर बसलेली माणसं. घास उतरेना.

आमच्या महिला मंडळानं दुसऱ्याच दिवशी मदत गोळा करायचं ठरवलं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मुलांच्या हाती चिठ्ठ्या पाठवण्याचं काम माझ्याकडे आलं. आणि काय सांगू! पाच दिवसांत मंडळाची खोली छतापर्यंत भरली. सत्तावीस पोती नुसत्या कपड्यांची. शिवाय गहू, तांदूळ, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. माझाही त्यात वाटा होता. सहा साड्या. त्यातली एक आंब्याच्या रंगाची, माझ्या मंगळागौरीची होती. तिचा काठ एका जागी विरला होता, पण नेसली तर कळलं नसतं. ती देताना मला जरा जड गेलं, आणि जड गेलं म्हणून मनातून थोडा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू?

१५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदन आणि दुपारी राख्या उरकल्या. शुक्रवारी पहाटे आमचा टेम्पो निघाला. अध्यक्षबाई, मी आणि सोबतीला माझे धाकटे दीर. "तू जाऊन तिथे काय करणार?" असं ह्यांनी विचारलंच. मी म्हटलं, "देणाऱ्यानं एकदा जाऊन बघावं तरी, कुठे जातं ते." सासूबाईंनी मुलांचं बघायचं कबूल केलं आणि मला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

फलटणहून आम्ही दहिवडी, मायणी, विटा असं करत तासगावला गेलो. हा रस्ता तुम्ही कधी केलाय का? फलटणचा ऊस मागे पडला की माणदेशाचा माळ सुरू होतो. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इथे जनावरांसाठी चारा छावण्या लागल्या होत्या, बाया टँकरच्या पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या होत्या. ऑगस्ट अर्धा सरला तरी रस्त्याकडेची शेतं अजून पावसाकडे डोळे लावून होती. आणि तिथून जेमतेम एका सकाळच्या वाटेवर गावंच्या गावं पाण्यात! दहिवडीच्या पुढे एका फाट्यावर चहाला थांबलो. तिथे एक म्हातारबुवा ट्रॅक्टरमध्ये कडब्याच्या पेंढ्या लादत होते. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पलूसकडं. तिथली जनावरं उपाशी हायत म्हनं." त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात किती कडबा असेल, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पण एक गोष्ट तेव्हाच मनात टोचून गेली. त्यांना तिथे काय हवंय ते ठाऊक होतं. आम्ही सत्तावीस पोती भरली, पण कुणाला विचारलं होतं?

तासगाव म्हणजे द्राक्षांचं गाव. दाक्षिणात्य वळणाचं उंच गोपुर असलेलं तिथलं गणपतीचं देऊळ लांबूनच दिसतं. गावाबाहेर पडलं की जिकडे तिकडे बेदाण्याची शेडं. वर पत्रा आणि आत तारेच्या जाळ्यांचे एकावर एक मजले. उन्हाळ्यात या जाळ्यांवर द्राक्षं पसरतात, त्यांचा बेदाणा होतो. ऑगस्टमध्ये ही शेडं रिकामी असतात. पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं असंच एक शेड तात्पुरतं मागून घेतलं होतं. आमच्या अध्यक्षबाईंच्या नात्यातल्या कुणी तरी तिथला पत्ता दिला होता.

आम्हाला वाटलं होतं, आमचा टेम्पो बघताच लोक पुढे येतील, पोती उतरवून घेतील, "वा वा" म्हणतील. झालं भलतंच. शेडच्या तोंडाशी टेबल टाकून एक तरुण मुलगी बसली होती. तिनं वही उघडली आणि विचारलं, "काय काय आणलंय? पोत्यांवर लिहिलंय का?"

पोत्यांवर आम्ही मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव लिहिलं होतं. आत काय आहे, ते एकावरही नव्हतं.

ती काही बोलली नाही. पोती एका बाजूला उतरवून घेतली आणि म्हणाली, "तुम्हाला वेळ असेल तर निवडायला बसा. माणसं कमी पडतायत." आम्ही पदर खोचले आणि बसलो.

तिथली मुख्य निवडणारी बाई होती, तिला सगळे आक्का म्हणायचे. हंगामात ती याच शेडमध्ये बेदाणा निवडते. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा, काडी-देठ वेगळं. अशा दहा-बारा निवडणाऱ्या बायका संस्थेनं बोलावल्या होत्या आणि त्यांना रीतसर रोजगारही देत होते. बेदाण्याला सरावलेला त्यांचा हात कपड्यांवरही तसाच चालायचा. वरच्या जाळीवर तान्ह्या मुलांचे कपडे, त्याखाली शाळकरी मुलांचे, मग बायकांचे, मग पुरुषांचे, आणि सर्वात खाली चादरी-सतरंज्या. आणि कोपऱ्यात एक भला मोठा ढीग. त्या ढिगाकडे मी बघतेय असं पाहून आक्का म्हणाली, "त्यो टाकायचा."

आमचं पहिलं पोतं उघडलं. बटणं तुटलेले शर्ट. एकाच पायातली चप्पल. मुलाची अर्धी चड्डी, बूड फाटलेली. लग्नात घालायचा जरीचा घागरा. तीन टाय! पावसात छपरावर बसलेल्या माणसाला आम्ही फलटणकरांनी टाय पाठवले होते. अध्यक्षबाई आणि मी एकमेकींकडे बघेनाच. एका पोत्याला वाटेत पाणी लागलं होतं, आतल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला होता. संध्याकाळपर्यंत आमच्या सत्तावीस पोत्यांतली अकरा पोती कामाची निघाली. बाकीचं कोपऱ्यात गेलं. आणि एवढं निवडायला आठ बायकांचा अख्खा दिवस गेला.

ही गत काही आमच्याच पोत्यांची नव्हे. २००४ ची त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून तामिळनाडूला जुने कपडे गेले आणि त्यातले कितीतरी रस्त्याकडेला टाकून दिलेले होते. ते गोळा करून कामाला लावायचं काम 'गूंज' या संस्थेनं केलं. १९९९ पासून ही दिल्लीची संस्था जुन्या कपड्यांचंच काम करते, तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण जो सुती कपडा 'नेसण्याजोगा नाही' म्हणून टाकतो, त्याचे ते धुऊन, चिंध्या करून बायकांना महिन्याच्या दिवसांत वापरायचे कापडी पॅड बनवतात. म्हणजे जुना कपडा वाईट नव्हे. न निवडता, न धुता, ज्याला नको त्याच्या दारात नेऊन टाकणं वाईट.

संध्याकाळी चहा घेताना त्या वहीवाल्या मुलीनं आम्हाला त्यांची कामाची रीत सांगितली. एखाद्या मोठ्या कार्याचा मुदपाकखाना कसा चालतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. अगदी तसंच सगळं ठरलेलं.

सामान आधी निघत नाही, आधी माणसं निघतात. दोघं-तिघं गावात जाऊन पाहून येतात. किती घरं, किती माणसं, तान्ही मुलं किती, गरोदर बाया किती, म्हातारी माणसं एकटी राहणारी किती. बायकांशी बाईच बोलते, आणि तेही बाजूला बसून, कारण चावडीवर दहा पुरुषांसमोर कुठली बाई सांगणार की मला पॅड हवेत? मग घरटी एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर नंबर. दुसऱ्या दिवशी त्या नंबराप्रमाणे सामान. त्यामुळे रेटारेटी होत नाही, आणि धडधाकट पोरं पुढे आणि म्हातारी मागे, असंही होत नाही.

मी विचारलं, "एवढं कशाला? टेम्पो गावात न्यायचा आणि वाटायचं!"

ती हसली. म्हणाली, "काकू, सगळे टेम्पो तेच करतात. डांबरी रस्त्यावर जे पहिलं गाव लागतं, तिथेच सगळे रिकामे होतात. एका गावात पाण्याच्या बाटल्यांची थप्पी लागलीय, आणि आत तीन किलोमीटरवरच्या वस्तीत काल दुपारपर्यंत कुणी गेलंच नव्हतं."

दुसरी गोष्ट वेळेची. पाणी चढलेलं असतं तेव्हा शिजवलेलं किंवा तयार खाणं आणि पिण्याचं पाणी लागतं. तेव्हा तांदूळ दिला तर तो शिजवायचा कुठे? पाणी उतरलं की माणूस घरी जातो, आणि घरात गुडघाभर चिखल. तेव्हा आधी हवेत खराटे, फावडी, घमेली, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गमबूट. चिखलात काचा असतात, साप असतात. घर धुऊन झालं की चूल पेटवायची, म्हणजे मग शिधा आणि भांडी. अंथरूण-पांघरूण लागतंच, कारण कापसाच्या गाद्या एकदा भिजल्या की कामातून गेल्या. आणि शेवटी मुलांची दप्तरं. आम्ही १६ तारखेला पोचलो, म्हणजे खराट्या-फावड्यांच्या वेळेला. आमच्या टेम्पोत एकही खराटा नव्हता.

मग तिनं त्यांचं घरटी गाठोडं दाखवलं. पाच माणसांच्या घराला पंधरवडाभर पुरेल असं. मैत्रिणींनो, त्यातला विचार बघा. गहू नाही, पीठ. का? तर गावातली गिरणी पाण्यात आणि वीज बंद. आम्ही आणलेला चार पोती गहू तासगावातल्या गिरणीवर दळायला गेला तेव्हा माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला. आयुष्यभर स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे सुचू नये? डाळ तुरीची थोडी आणि मुगाची जास्त, कारण मूग लवकर शिजतो, जळण कमी लागतं. तेल, मीठ, तिखट, हळद, चहा, साखर. काडेपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या. अंगाचा साबण, धुण्याचा साबण. एक पातेलं, एक तवा, उलथनं, दोन ताटल्या. आणि हे सगळं कशात? तर झाकणाच्या बादलीत. म्हणजे बादलीही झाली आणि पाणी झाकून ठेवायची सोयही झाली.

जगभरातल्या मदतसंस्थांनी मिळून 'स्फिअर' नावाची किमान प्रमाणं ठरवली आहेत, असं तिनं सांगितलं. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, महिन्याला अंगाचा साबण २५० ग्रॅम आणि धुण्याचा २०० ग्रॅम. मी मनात हिशेब केला. पाच जणांच्या घराला रोज ७५ लिटर. आम्ही एक-एक लिटरच्या तीनशे बाटल्या आणल्या होत्या, आणि त्या आणताना आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं! चार घरांना एका दिवसाचं पाणी. म्हणून या संस्था बाटल्यांपेक्षा टँकर, टाक्या आणि पाणी शुद्ध करायच्या औषधाच्या मागे असतात.

रात्री पाठ टेकली तेव्हा बोटं दुखत होती. पण माझी आंब्याच्या रंगाची साडी मी स्वतः 'बायकांचे' या जाळीवर ठेवली होती, घडी मोडू न देता. तेवढं एक समाधान होतं.

शनिवारी सकाळी आम्ही संस्थेच्या गाडीमागून नदीकडे निघालो. भिलवडी स्टेशन ओलांडलं आणि वास सुरू झाला. तो वास कसा सांगू? शेवाळ, सडलेला ऊस, भिजून मोड आलेलं धान्य, मेलेली जनावरं, सगळं मिळून एक. उसाचे फडच्या फड चिखलात आडवे झालेले, विजेच्या तारांवर चिंध्या आणि कडबा लटकलेला. म्हणजे पाणी कुठवर चढलं होतं, ते मान वर करून बघायचं! भिलवडीची सगळी बाजारपेठ पाण्यात गेली होती. दुकानांसमोर भिजलेल्या मालाचे ढीग पडले होते. जवळच औदुंबर, दत्तमहाराजांचं ठिकाण. लहानपणी आईबरोबर मी तिथे गेले होते, घाटावर पाय पाण्यात सोडून बसले होते. तीच संथ कृष्णा. तिनं दत्ताचं देऊळही सोडलं नाही.

आम्ही गेलो ते गाव लहानसं, मुख्य रस्त्यापासून आत. नाव मुद्दामच सांगत नाही. घराघरांच्या भिंतींवर दाराच्याही वर पाण्याची तपकिरी रेघ. कुंपणावर गोधड्या, अंगणात उघडे पडलेले पत्र्याचे डबे. एका ओट्यावर शाळेची पुस्तकं पान पान करून वाळत घातलेली आणि शेजारी एक मुलगी फुंकर मारत बसलेली. शिक्षिका ना मी, तिथून पाय निघेना.

शाळेच्या व्हरांड्यात सामान मांडलं. नंबर पुकारले की घरातली बाई यायची, चिठ्ठी द्यायची, अंगठा किंवा सही करायची आणि बादली न्यायची. कपड्यांसाठी वेगळी खोली होती. संस्थेची तशी रीतच होती. कपडे हातात कोंबायचे नाहीत, जाळीवर मांडल्यासारखे मांडून ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं निवडून घ्यायचं. त्या खोलीत आक्का आणि मी उभ्या होतो.

चाळिशीची एक बाई आली. अंगावरची साडी चिखलानं कडक झालेली. आठवडाभर तीच असावी. तिनं मांडलेल्या साड्यांवरून हलकेच हात फिरवला, बाजारात फिरवतो तसा, आणि नेमकी माझी आंब्याच्या रंगाची उचलली. माझा जीव सुपाएवढा झाला! ती साडी तिनं उलटून पाहिली, काठ पाहिला, विरलेली जागाही पाहिली. मग आसपास कुणी पुरुष नाही असं बघून हळूच विचारलं,

"लुगडं चांगलं हाय वं बाई. पर ह्येच्या आत घालू काय?"

मला आधी समजलंच नाही. आक्कानं कपाळाला हात लावला. सत्तावीस पोती कपडे, त्यांत शेकड्यांनी साड्या, आणि परकर एक नाही! पोलकीही चार-दोन, तीही कुणाच्या मापाची नाहीत. आम्ही चाळीस बायकांनी मिळून हे सामान गोळा केलं होतं. चाळीस बायका! रोज सकाळी न चुकता आधी परकराची नाडी बांधणाऱ्या. त्यातल्या एकीच्याही ध्यानात आलं नाही. का आलं नाही? तर आम्ही 'त्यांना काय लागेल' असा विचारच केला नव्हता. 'आपल्याला काय नको' एवढाच केला होता. आणि मागे उभ्या असलेल्या दोघी म्हाताऱ्यांचं तर आणखीच. त्या नऊवारी नेसणाऱ्या. त्यांना परकर नको होता, पण आमची एकही साडी पाचवारीच्या वर नव्हती. एक आजी तर दोन साड्या घेऊन म्हणाली, "जोडून शिवते." चिखलातून वर आलेल्या घरात ती सुईदोरा कुठून आणणार होती, देव जाणे.

माझ्या पिशवीत बदलायचे कपडे होते. त्यातला धुतलेला पांढरा परकर मी काढला आणि त्या बाईच्या हातात दिला. तिनं तो घेतला नाही. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तुमचा सोताचा हाय नव्हं?"

"हो, पण माझ्याकडे घरी आहेत की."

"मग उसना म्हनून घेते. धुऊन परत धाडीन."

मी घाईनं म्हणाले, "अहो, परत कसला, असू दे तुम्हाला." तशी तिचा हात मागे गेला. आक्कानं मला कोपरानं ढोसलं. मग मी गप्प बसून वहीचं पान फाडलं, त्यावर माझा फलटणचा पत्ता लिहिला आणि परकरात ठेवून दिला. तेव्हा कुठे तिनं तो घेतला. साडी मात्र तिनं उसनी म्हटली नाही. ती मांडलेल्या ढिगातली होती. परकर माझ्या पिशवीतला होता, आणि शेजारणीच्या पिशवीतलं घेतलं तर परत द्यायचं, एवढा साधा तिचा हिशेब होता.

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी फारसं बोललं नाही. विट्याला दीरांनी भेळ आणली, तीही तशीच राहिली. फलटणच्या अलीकडे अध्यक्षबाई एकदम म्हणाल्या, "पुढच्या खेपेला आधी फोन करायचा." बस, एवढंच.

आणि आम्ही ते पाळलं. पुढच्याच आठवड्यात मंडळानं पैसे गोळा केले, घाऊक दुकानातून परकराचं कापड आणलं आणि आमच्यातल्या शिवणकाम येणाऱ्यांनी चार दिवसांत एकशे वीस परकर शिवले. मापं तीन, नाड्या घातलेल्या. त्यांच्याबरोबर वीस नऊवारी लुगडी. तीस साध्या पिशव्या भरल्या, त्यांत सुईदोरा, सेफ्टी पिना, कंगवा, टिकल्यांचं पाकीट. टिकल्या कशाला, असं कुणीसं विचारलंच. ज्यांचं सगळं वाहून गेलंय त्यांनाही सकाळी आरशात बघावंसं वाटतं, म्हणून. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, २०२५ च्या सप्टेंबरात सोलापूरकडे सीना नदी फुगली, तेव्हा दोन्ही वेळा आम्ही आधी तिकडच्या ओळखीच्या शिक्षिकांना फोन केला, यादी घेतली आणि यादीबाहेरचं काहीही पोत्यात घातलं नाही. कुणी जुनं गाठोडं आणलंच, तर अध्यक्षबाई ते तिच्यादेखत उघडतात! फार बायका नाराज झाल्या म्हणा. पण आता गाठोडी धुऊन, इस्त्री करून येतात.

तुमच्याकडे मंडळ असेल, भिशी असेल, नुसती आळी असेल, तरी चार गोष्टी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पहिली, आधी विचारायचं; आणि तिथल्या बाईला विचारायचं. दुसरी, संस्थेनं पैसे मागितले तर नाक मुरडायचं नाही. जवळच्या बाजारात घेतलेला खराटा आपण शंभर मैल नेलेल्या शर्टापेक्षा लवकर पोचतो आणि तिथल्या दुकानदाराचंही पोट भरतो. तिसरी, पोत्यावर आपलं नाव लिहिण्याऐवजी आत काय आहे, किती आहे, कोणत्या मापाचं आहे ते लिहायचं. तेही दोन बाजूंना, म्हणजे पोती एकावर एक रचली तरी वाचता येतं. आणि चौथी, कपडा द्यायचा तर जोड पूर्ण द्यायचा. साडी तर परकर-पोलक्यासकट, शर्ट तर बटणांसकट, चप्पल तर दोन्ही पायांची.

आणि हो, पॅड विसरू नका. यादीत कुणी सांगितले नाहीत, तरी घाला.

परकराचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी तर तो विसरूनच गेले होते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. एका संध्याकाळी एक अनोळखी ट्रकवाला पत्ता विचारत दारात आला. साखर कारखान्याला ऊसतोडीची माणसं सोडायला आला होता म्हणे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी त्यानं हातात दिली. "आमच्या गावच्या वहिनीनं दिलीया," एवढंच बोलून तो गेला, चहालाही थांबला नाही.

आत माझा परकर होता. स्वच्छ धुतलेला, नीळ घातलेला, चौपदरी घडीचा. आणि माझी नाडी जुनी झाली होती, दोन ठिकाणी गाठी मारलेल्या होत्या. ती काढून तिनं नवी घातली होती.